फाइल फ्लॅक, पण आवाज एमपी३चा: वरच्या फ्रीक्वेन्सी कुठे गेल्या ते शोधायचे कसे

फाइल लॉसलेस (आवाजातले काहीही न टाकता साठवलेली, उदाहरणार्थ फ्लॅक) म्हणून मिळते, आकारही भरपूर असतो, पण ऐकताना काहीतरी मेलेले वाटते. ही तक्रार माझ्याकडे इतक्या वेळा येते की तपासणीचा क्रम आता ठरून गेला आहे. तोच इथे देतो. आधी फुकटातले आणि दोन मिनिटांचे उपाय, मग वेळ खाणारे. क्रम मोडू नका. स्पेक्ट्रोग्रामकडे, म्हणजे आवाजातल्या फ्रीक्वेन्सींच्या चित्राकडे, थेट उडी मारणारे बरेचदा चांगल्या फाइलला दोषी ठरवतात.

लक्षणे

- झांज वाजल्यावर तिचा नाद मोकळेपणाने विरत नाही. मागे एक ओलसर सळसळ राहते आणि ती सारखी कमीजास्त होत राहते.
- टाळ्यांच्या कडकडाटात वेगवेगळ्या टाळ्या ऐकू येत नाहीत, सगळा एकच खरखरीत लोट होतो.
- गायकाच्या 'स' आणि 'श' या उच्चारांना धातूसारखी किनार येते.
- तबल्याची थाप किंवा टिपरीचा टणत्कार पडण्याच्या अगदी आधी हलकासा 'फस्' ऐकू येतो.
- हेडफोनवर वरचा आवाज डावीउजवीकडे डुलतो किंवा मधोमध गोळा होतो.
- कानाला काहीच खटकत नाही, पण फाइल ज्यांना दिली त्यांनी 'मूळ लॉसी आहे' म्हणून परत पाठवली.

लॉसी म्हणजे काही माहिती कायमची टाकून देणारे कॉम्प्रेशन: एमपी३, एएसी, ऑपस, व्हॉर्बिस. फ्लॅक आणि अलॅक हे लॉसलेस फॉरमॅट काहीच टाकत नाहीत. पण फ्लॅक हे फक्त वेष्टन आहे. एमपी३ उलगडून फ्लॅकमध्ये ठेवली तर फ्लॅक ती जशीच्या तशी, तिच्यातल्या सगळ्या खड्ड्यांसकट, इमानाने सांभाळते. फाइल मोठी होते, गेलेले परत येत नाही.

पहिली तपासणी: ऐकण्याचा मार्ग बदला

ब्लूटूथ बंद करून तारेचा हेडफोन लावा. प्लेयरमधला इक्वलायझर, 'सराउंड', 'बास बूस्ट' असले सगळे बंद करा. गाणे स्ट्रीमिंगवरून वाजत असेल तर ॲपमधली डेटा बचतीची सेटिंग पाहा.

ही तपासणी आधी करण्याचे कारण असे, की ब्लूटूथवर आवाज पुन्हा एकदा लॉसी होऊन जातो. सर्व ब्लूटूथ हेडफोनना चालणारा एसबीसी हा कोडेक (आवाज दाबण्याची आणि उलगडण्याची पद्धत) आवाजाचे ४ किंवा ८ पट्टे पाडतो आणि असलेले बिट त्यांच्यात वाटतो. जोडणी कमकुवत झाली की बिट कमी पडतात आणि सर्वात वरच्या पट्ट्यांच्या वाट्याला काहीच उरत नाही. अशा वेळी फाइल निर्दोष असते.

दुसरी तपासणी: ओळखीची चांगली फाइल लावा

तुम्ही स्वतः सीडीवरून घेतलेले, झांजा किंवा टाळ्या असलेले एखादे ध्वनिमुद्रण त्याच मार्गावर वाजवा. तेही निस्तेज वाटले तर दोष स्पीकर, हेडफोन किंवा साउंड कार्डकडे आहे आणि पुढचे काही करायची गरज नाही.

इथे कानाबद्दल एक गोष्ट समजून घ्यायला हवी. माणसाची श्रवणमर्यादा २० किलोहर्ट्झ म्हणून सांगतात, पण ती तरुण कानाची. मध्यमवयात अनेकांना १५-१६ किलोहर्ट्झच्या वरचे काही ऐकू येत नाही. त्यामुळे 'एमपी३ १६ किलोहर्ट्झला कापते म्हणून आवाज दबलेला वाटतो' हे स्पष्टीकरण बहुतेकांच्या बाबतीत खरे नसते. कानाला बोचते ते त्या खालचे नुकसान: सळसळ, किनार, थापेआधीचा फस्. वरचा काप हा नुकसानीचा माग आहे, त्याचे नुकसानीतले योगदान थोडे. हा फरक डोक्यात राहिला की पुढचे निष्कर्ष चुकत नाहीत.

तिसरी तपासणी: फाइलची कुंडली

मीडियाइन्फो हा मोफत प्रोग्राम फाइलवर चालवा. एक्स्टेन्शनवर विश्वास ठेवू नका: एम४ए मध्ये एएसीही असू शकते आणि अलॅकही. ओजीजी मध्ये व्हॉर्बिस असेल किंवा ऑपस.

पाहायच्या गोष्टी तीन.

सॅम्पल रेट, म्हणजे आवाजाची सेकंदाला किती मोजमापे घेतली तो आकडा. डिजिटल आवाजात सॅम्पल रेटच्या निम्म्याच्या वर काहीही साठवता येत नाही. सीडीचा दर ४४.१ किलोहर्ट्झ, म्हणून तिची छतमर्यादा २२.०५. दर ३२ किलोहर्ट्झ दिसला तर १६ च्या वर काही नसणारच, त्यात कॉम्प्रेशनचा काही संबंध नाही.

एन्कोडरची सही. लेम या एन्कोडरने (एमपी३ तयार करणाऱ्या प्रोग्रामने) केलेल्या एमपी३ मध्ये बऱ्याचदा त्याचे नाव, आवृत्ती आणि 'लोपास' हा आकडा लिहिलेला असतो. लोपास १७ म्हणजे १७ किलोहर्ट्झच्या वरचे एन्कोडरने आधीच गाळून टाकले. फ्लॅकमध्ये ही सही उरत नाही, पण मूळ एमपी३ हाताशी असेल तर उत्तर इथेच मिळते. एचई-एएसी (कमी बिटरेटसाठीची एएसी) असेल तर तेही मीडियाइन्फो सांगते, त्याचे महत्त्व पुढे येईल.

फ्लॅकचा सरासरी बिटरेट, म्हणजे सेकंदाला लागणारे बिट. सीडीचा कच्चा दर सेकंदाला १४११ किलोबिट. एकाच अल्बममधल्या सारख्याच भरगच्च गाण्यांपैकी एकाचाच फ्लॅक बिटरेट बराच खाली असेल तर संशय घ्या. वरच्या पट्ट्यात काहीच नसले की फ्लॅकला ते दाबणे सोपे जाते. मात्र मोनो किंवा शांत ध्वनिमुद्रणातही बिटरेट असाच उतरतो, म्हणून हा नुसता इशारा समजा.

चौथी तपासणी: स्पेक्ट्रोग्राम

बहुतेक प्रकरणे इथे सुटतात, म्हणून इथे घाई नको. स्पेक हा छोटा मोफत प्रोग्राम फाइल टाकताच चित्र काढतो: आडवी वेळ, उभी फ्रीक्वेन्सी, रंग म्हणजे आवाजाची पातळी. बारकाईने पाहायचे तर ऑडॅसिटी हा ध्वनिसंपादनाचा प्रोग्राम वापरा. ऑडॅसिटीत आधी तीन सेटिंग बदला. स्केल 'लिनियर' करा, नाहीतर वरचा सगळा भाग चिरडून एका पट्टीत बसतो. कमाल फ्रीक्वेन्सी २२,०५० करा, कारण आधीपासून ठेवलेला आकडा त्याहून कमी असतो आणि चित्र तिथेच संपल्यामुळे 'काप' असल्याचा भास होतो. विंडो साइज २०४८ किंवा ४०९६ ठेवा. मग गाण्यातली सर्वात गजबजलेली जागा निवडा. नुसत्या आलापात वर काही नसतेच, तिथे पाहून काहीच कळत नाही.

आता चित्रात काय शोधायचे ते.

लेमच्या अलीकडच्या आवृत्त्यांत ठरावीक बिटरेटला (सेकंदाला किलोबिटमध्ये) लोपास साधारण असा असतो: १२८ ला १७ किलोहर्ट्झ, १९२ ला १८.६, २५६ ला १९.७, ३२० ला २०.५. बाकीचे बरेच एन्कोडर १२८ ला १६ वरच कापतात. काप खरा असेल तर तो पट्टीने आखल्यासारखा सरळ असतो आणि पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत त्याच उंचीवर राहतो. वाद्य बदलले, गायक थांबला, तरी रेघ हलत नाही. वाद्याचा स्वाभाविक आवाज असा संपत नाही. तो उताराने विरळ होतो आणि जोरदार आघाताला वर उसळतो.

या सरळ रेघेपेक्षाही मला खात्रीची वाटणारी खूण म्हणजे १६ किलोहर्ट्झची पायरी. रेघ १९ किंवा २० वर आहे, पण १६ ते १९ चा पट्टा सलग नाही, तुकड्यातुकड्यांत आहे, आणि त्या तुकड्यांचा तळ बरोबर १६ वर कापलेला आहे, असे दिसले तर ती एमपी३च. याचे कारण एमपी३च्या रचनेत आहे. हा फॉरमॅट एका वेळी ५७६ फ्रीक्वेन्सी-रेषा घेतो आणि त्यांचे २१ पट्टे करतो. प्रत्येक पट्ट्याला स्वतःचा गुणक असतो, म्हणजे कुठे बारीक मोजायचे आणि कुठे ढोबळ, हे पट्ट्यागणिक ठरवता येते. ४४.१ किलोहर्ट्झला हे पट्टे ४१८ व्या रेषेपाशी संपतात. ती रेषा येते १६ किलोहर्ट्झला. त्याच्या वरच्या उरलेल्या रेषांना स्वतंत्र गुणक दिलेलाच नाही. तिथे बारकाई हवी असेल तर सगळ्या पट्ट्यांचे मोजमाप एकदम बारीक करावे लागते आणि बिट भसाभस खर्च होतात. म्हणून एन्कोडर तो भाग परवडेल तेव्हा ठेवतो, नाही तेव्हा सोडून देतो. चित्रातले तुकडे म्हणजे त्याचे हे क्षणाक्षणाचे निर्णय.

तिसरी खूण मोठे करून पाहिल्यावर दिसते. एक-दोन सेकंदांचा भाग पडदाभर करा आणि १० ते १६ किलोहर्ट्झमध्ये पाहा. लॉसी फाइलमध्ये तिथे चौकोनी काळी भोके असतात: एका चौकटीत रंग, शेजारी एकदम शून्य, पुन्हा रंग. एन्कोडरने 'हे जवळच्या मोठ्या आवाजाखाली झाकले जाईल' असे ठरवून ती किंमत शून्य केलेली असते. निसर्गात शांतता अशी चौकोनी नसते. झांजेची सळसळ ऐकू येते ती हीच, चौकटी उघडझाप करत असल्यामुळे.

बाकीच्या फॉरमॅटचे चेहरे थोडक्यात. एएसीला १६ ची पायरी नसते, तिचे पट्टे वरपर्यंत जातात. काप कुठे घ्यायचा ते एन्कोडर ठरवतो आणि २५६ ला बरेच जण जवळजवळ काहीच कापत नाहीत, म्हणून तिथे भोकांवरूनच ओळखावे लागते. ऑपस आतून ४८ किलोहर्ट्झवर चालते आणि २० च्या वर काही ठेवत नाही. ४८ किलोहर्ट्झच्या फाइलमध्ये २० वर साफ रेघ आणि २४ पर्यंत सगळे रिकामे, हा ऑपसचा नेहमीचा चेहरा. व्हॉर्बिसमध्ये ठरलेली एक उंची नसते, ती गुणवत्तेच्या सेटिंगनुसार बदलते.

एचई-एएसी मात्र फसवते. ती वरचा भाग साठवतच नाही. खालच्या पट्ट्याची नक्कल वर सरकवून, सोबत पाठवलेल्या थोड्याशा माहितीवरून तिची पातळी जुळवते. चित्रात वरपर्यंत रंग भरलेला दिसतो आणि नवखा माणूस फाइल पास करतो. खालच्या पट्ट्यातली नक्षी वर पुन्हा उमटली आहे का ते पाहा, आणि स्वरांच्या आडव्या रेघा वरच्या भागात भलत्याच अंतरावर आहेत का तेही. कमी बिटरेटच्या इंटरनेट रेडिओवरून रेकॉर्ड केलेल्या फाइलमध्ये हे बरेचदा सापडते.

आणखी एक झाकण: एमपी३ उलगडताना डिदर नावाचा सूक्ष्म गोंगाट मिसळला असेल तर कापाच्या वर एकसारखे फिकट धुके दिसते. संगीत बदलले तरी धुके बदलत नाही. त्यात संगीताचा अंश नाही, हे ध्यानात घ्या.

३२० ची चांगली एमपी३ किंवा २५६ ची एएसी असेल तर नुसत्या चित्रावरून ठाम निकाल देऊ नका. सीडीसाठी वापरलेले काही फिल्टरही २० ते २२ च्या दरम्यानच उतरतात.

पाचवी तपासणी: निरपराध फाइल ओळखा

कुणावर ठपका ठेवण्याआधी हे नक्की करा, कारण वरचा भाग नसण्याची प्रामाणिक कारणे भरपूर आहेत.

एफएम रेडिओवर आवाज १५ किलोहर्ट्झपर्यंतच पाठवतात आणि स्टिरिओसाठी १९ किलोहर्ट्झवर एक पायलट स्वर असतो. १५ ला काप आणि वर १९ ला बारीक अखंड रेघ दिसली तर ते रेडिओवरून घेतलेले ध्वनिमुद्रण आहे आणि त्याची फ्लॅक अगदी खरी असू शकते. १५.६ किलोहर्ट्झच्या आसपास तशीच बारीक रेघ असेल तर मुद्रणाच्या खोलीत जुना काचेच्या नळीचा टीव्ही किंवा मॉनिटर चालू होता. पाल पद्धतीत ती १५,६२५ हर्ट्झवर येते, एनटीएससीत १५,७३४ वर. ही रेघ सलग आणि शाबूत असणे ही उलट जमेची बाजू, कारण कमी बिटरेटची एमपी३ अशी क्षीण रेघ अनेकदा तोडते.

७८ आरपीएमच्या तबकड्यांत वरचा पट्टा मुळातच फारसा नसतो. साध्या कॅसेटमध्ये १२-१५ च्या पुढे संगीत उरत नाही, टेपची खरखर मात्र वरपर्यंत पसरलेली असते. ती खरखर सलग, उताराने विरणारी दिसली तर फाइलवर विश्वास ठेवा. तीच खरखर १६ ला तोडलेली दिसली तर टेपनंतर केव्हातरी ती एमपी३मधून गेली आहे. सिंथेसायझरवर केलेल्या संगीतात काही वाद्यांचे नमुनेच कमी दराने घेतलेले असतात, तेव्हा एका वाद्याला काप असतो आणि दुसऱ्याला नसतो. असा अर्धवट काप कॉम्प्रेशनचा नव्हे.

उलट्या बाजूने एक: फाइल २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ म्हणून मिळाली असेल आणि २२ च्या वर सगळे रिकामे असेल तर ती बहुधा सीडीच्या दरावरून फुगवलेली आहे.

सहावी तपासणी: दुसरी प्रत आणि वजाबाकी

त्याच ध्वनिमुद्रणाची विश्वासाची प्रत मिळाली तर दोन्ही ऑडॅसिटीत एकाखाली एक ठेवा, पातळी सारखी करा आणि सॅम्पलला सॅम्पल जुळवा. मग एक उलटी करून दोन्ही मिसळा. दोन्ही एकच असतील तर पूर्ण शांतता उरते. एक लॉसीमधून गेली असेल तर उरतो संगीताच्या लयीत उसासे टाकणारा गोंगाट आणि कापाच्या वरचा सगळा भाग. एन्कोडरने जे टाकले ते तुम्ही त्या क्षणी स्वतंत्रपणे ऐकत असता. याहून पक्का पुरावा घरबसल्या मिळत नाही.

जुळवताना सुरुवातीला सुमारे ११०५ सॅम्पलची, म्हणजे २५ मिलिसेकंदांची, जास्तीची शांतता निघाली तर तीही खूण आहे: लेमचे ५७६ आणि उलगडणाऱ्याचे ५२९. पण अनेक प्लेयर ही शांतता कापून टाकतात, तेव्हा ती न सापडणे म्हणजे निर्दोषत्व नव्हे. आणि दोन प्रती वेगवेगळ्या मास्टरिंगच्या (प्रकाशनाआधीच्या शेवटच्या ध्वनिसंस्काराच्या) असतील तर वजाबाकीला अर्थच नाही, त्या कधीच शून्य होणार नाहीत.

फरक ऐकू येतो की नाही हा वाद असेल तर फूबार२००० या प्लेयरमधली एबीएक्स चाचणी करा. कोणती फाइल वाजते आहे हे न कळता १६ वेळा ओळखायचे. १२ किंवा जास्त बरोबर आले तर ते निव्वळ नशीब असण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी. त्याहून कमी आले तर फरक ऐकू येतो असा दावा करू नका, आणि कुणाला करू देऊ नका.

सापडले, आता काय

गेलेल्या फ्रीक्वेन्सी परत आणणारा उपाय नाही. 'एक्सायटर' किंवा 'अपस्केल' म्हणून मिळणारे प्लगइन नवी सळसळ तयार करतात. ती ऐकायला कधी बरी वाटते, पण ती मूळ नव्हे आणि मूळ म्हणून पुढे द्यायची नाही. खरा उपाय साखळीत मागे जाण्याचा: सीडी असेल तर पुन्हा रिप करा (तिच्यावरून फाइल काढा), संकलनाचा प्रोजेक्ट असेल तर त्यातून वेव्ह (न दाबलेली फाइल) काढा, पाठवणाऱ्याकडे त्याची पहिली फाइल मागा.

मागताना मार्गही सांगा, कारण दोष परत परत येतो तो इथूनच. मेसेजिंग ॲपवर 'ऑडिओ' म्हणून पाठवलेली फाइल वाटेत पुन्हा दाबली जाऊ शकते, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवलेली तशीच पोचते. व्हिडिओ एडिटरमधून निघालेल्या फाइलचा आवाज बहुतेकदा एएसी झालेला असतो. त्यातून ऑडिओ वेगळा करून वेव्ह केली की नवी खोटी लॉसलेस तयार.

लॉसीच एकमेव प्रत उरली असेल तर ती आहे तशी जपा. एमपी३ची एएसी करू नका, प्रत्येक फेरीत नुकसान साचत जाते. नुसते कापायचे असेल तर पुन्हा एन्कोड न करता फ्रेमवर कापणारा प्रोग्राम वापरा. ४४.१ किलोहर्ट्झला एक फ्रेम १,१५२ सॅम्पलची, म्हणजे साधारण २६ मिलिसेकंदांची, तेवढ्या बारकाईने कापता येते. दुरुस्ती करायचीच असेल तर उलगडून वेव्हमध्ये काम करा, फ्लॅकमध्ये ठेवा आणि टॅगच्या टिप्पणीत 'मूळ एमपी३' असे स्पष्ट लिहा. ती एक ओळ पुढच्या माणसाचे कित्येक तास वाचवते.

कुठे थांबायचे

मूळ ध्वनिमुद्रण टेपवर असेल आणि ती चिकटत असेल, तिच्यावर बुरशी असेल किंवा थर सुटत असेल, तर एकदाही वाजवून पाहू नका. ध्वनी पुनर्स्थापनेचे काम करणाऱ्या तंत्रज्ञाकडे द्या. टेप ठीक आहे पण सगळ्याच टेपांचा वरचा आवाज दबलेला येतो, तर डेकच्या हेडचा कोन सरकलेला असू शकतो. तो स्क्रू अंदाजाने फिरवू नका, मोजमापाची टेप असलेल्या दुरुस्तीकाराकडूनच बसवून घ्या.

फाइल पुरावा म्हणून न्यायालयात किंवा चौकशीत जाणार असेल तर ती उघडून पुन्हा सेव्ह करणेही टाळा. मूळ साधन जसे आहे तसे न्यायवैद्यक ध्वनितज्ज्ञाकडे सोपवा. पैशांचा किंवा कराराचा वाद असेल तर मास्टरिंग इंजिनिअरचा लेखी अभिप्राय घ्या. स्पेकच्या एका चित्रावर कुणावर आरोप करू नका.

वरचा आवाज सगळ्याच फाइलमध्ये, सगळ्याच साधनांवर, एकाच कानाने अचानक कमी ऐकू यायला लागला तर तपासण्या बंद करून त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. अचानक आलेल्या बहिरेपणात उपचाराला उशीर झाला तर श्रवण परत येण्याची शक्यता घटते.

ध्वनितज्ज्ञाकडे जाताना पहिली मिळालेली फाइल नाव न बदलता द्या, ती कुठून कशी आली ते लिहून द्या, आणि जिथे खटकते ती जागा मिनिट-सेकंदासह सांगा.